जेर्देला चौथ्यांदा विचारलं तेव्हा

सकाळी अकरा वाजता जेर्दे मेला. मेला त्या क्षणी तो बिश्केकमधल्या ऑफिसच्या अंगणात उभा राहून कुंडीतलं जिरेनियम खात होता.

"ह्याला मेलेलं म्हणतात होय?" त्याच्या मालकानं, शार्शेन आबांनी, लगाम ऑफिसातल्या बेर्मेतच्या हातात कोंबला. "हात लावून बघ, पोरी. गरम आहे की नाही?"

गरम होता. शिवाय तिच्या बाहीवर शिंकलाही. पण शर्यत-समितीला घोडा नको होता, दाखला हवा होता: घोडा जिवंत असल्याचा, ह्याच ऑफिसच्या संगणक-यंत्रणेनं दिलेला. नोंदणी आज पाचला बंद. जेर्देचं वय बघता ही त्याची शेवटची शर्यत, आणि आबा त्यासाठी आत-बाशी गावापासून ट्रकमध्ये त्याच्या शेजारी उभे राहून आले होते.

बेर्मेतचं डोकं तापलं. हा राग आजचा नव्हता, मार्चमधला होता.

प्रत्येक घोड्याच्या गळ्यातल्या पट्ट्यातून खबर येई: किती चालला, छाती किती धडधडली. ती घ्यायला संगणकात घोड्यागणिक एक चिमुकला कारकून बसवलेला होता. ऑफिसात त्याला ॲक्टर म्हणत. त्याची स्वतःची पेटी. पेटीत पडलेले मेसेज एकामागून एक उघडायचे, रांग मोडायची नाही. गुणी प्राणी. दुसरीकडे क्लस्टर: चाळीस मशिनं मिळून दर तासाला देशभरच्या घोड्यांचं गणित मांडत. दोन्हींचं छान चाललं होतं. मग बेर्मेतच्या साहेबानं, उर्मात-बाइकेनं, म्हणजे उर्मातदादानं, त्यांचं लग्न लावून दिलं.

आता गणित मांडता मांडता क्लस्टर कारकुनालाच मेसेज टाकून विचारी, "घोडा जिवंत आहे का?" दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की काम फसलं. मग तेच काम दुसऱ्या मशिनवर पहिल्यापासून, तोच प्रश्न पुन्हा. चारदा फसलं की शिक्का: मृत.

"आधीचे प्रश्न पेटीत तसेच पडून राहतात," बेर्मेतनं मार्चमध्ये लेखी कळवलं होतं. "पुन्हा विचाराल तर रांग वाढेल. ज्याला जास्त विचाराल तो जास्त उशिरा बोलेल." बाइकेनं त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकलं, परिषदेत जाऊन त्या लग्नावर भाषण ठोकलं, आणि परत आल्यावर ऑफिसच्या दाराची हजेरीही, माणसागणिक एक कारकून बसवून, त्याच यंत्रणेला जोडली.

जेर्दे तर सगळ्यांचा लाडका. अख्खा नारीन प्रांत फोनवर बटण दाबून त्याची खुशाली विचारत होता, तेही त्याच पेटीत. कारकून बिचारा अजून सकाळी साडेदहाच्या लोकांना उत्तरं देत होता. शर्यतीतले सात आवडते घोडे सकाळपासून मेलेले होते. ज्यांना कुत्रं विचारत नव्हतं, ते सगळे ठणठणीत.

"हातानं 'जिवंत' लिहून टाक ना," बाइके म्हणाला.

"लिहिलं. बाराला परत मेला. दर तासाला मरतोय तो."

"मग दोन सेकंदांचे वीस कर."

"मग वीस सेकंदांनी मरेल. खरी दुरुस्ती माझ्या मार्चच्या पत्रात आहे. वाचलं होतंत?"

"अंगठा दिला होता की!"

"तीन तास लागतील."

"लाग कामाला," बाइके म्हणाला, आणि दहा मिनिटांनी परत आला. "झालं का?"

एकला आला. सव्वाला आला. दीडला बेर्मेतनं खुर्ची फिरवली. "बाइके, तुम्ही विचारलंत की मी काम थांबवून उत्तर देते. मग कुठपर्यंत आले होते ते शोधते. सापडेपर्यंत तुम्ही पुन्हा हजर! घोडे कशानं मेले ते कळलं का आता?"

"नाही," बाइके म्हणाला. "पण झालं का?"

शार्शेन आबा उठले, खुर्ची ओढून बेर्मेतच्या दारात आडवी घातली आणि तीत बसले. "माझ्या घोड्याचं काम चाललंय," ते म्हणाले. "तू बाहेर जाऊन त्याच्याशी गप्पा मार."

बाइके अंगणात जाऊन समितीला फोन करू लागला. इकडे बाकीचे सहा मालक आले, आणि 'उर्मात कुठे आहे?' हे दाराजवळच्या पडद्यावर बोटं आपटून विचारत बसले.

बेर्मेतनं क्लस्टर आणि कारकुनाचा घटस्फोट उरकला. कारकुनाला कुणी काही विचारायचंच नाही. पट्ट्यातून खबर आली की त्यानं ती आपणहून एका सामायिक फळ्यावर लिहायची. क्लस्टरनं फळा वाचायचा. चारदा वाचा, चाळीसदा वाचा, फळ्याला त्याचा ताप नाही.

चार बावन्नला सातही घोडे उठले. चार पंचावन्नला जेर्देचा दाखला समितीकडे पोचला, आणि चार सत्तावन्नला त्याचा शर्यतीतला क्रमांक आला: अकरा. आबांनी डोळे पुसले आणि कुमीसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, बाटली उघडली.

तेवढ्यात काचेच्या दारावर धडधड सुरू झाली. बाहेर बाइके. कार्ड पुन्हा पुन्हा लावतोय, दार ढिम्म हलत नाही. दारावरच्या पडद्यावर लाल अक्षरं: उर्मात, मृत. मालकास कळवले आहे.

"बेर्मेत! उघड! हे काय आहे?"

"घोड्यांचं दुरुस्त केलंय, बाइके. माणसांचं कुणी सांगितलंच नव्हतं."

"कधी होईल? आज होईल का? ए बेर्मेत, कधी होईल?"

"एकदाच विचारा," ती म्हणाली. "तुम्ही रांगेत आहात."

आबांनी काचेला नाक लावून त्याला नीट न्याहाळलं. त्याच्या मागे जेर्दे दुसऱ्या कुंडीकडे वळला होता.

"पोरी, हा काही मेलेला वाटत नाही मला," ते म्हणाले आणि तिचा पेला भरला. "पण दाखला नाही म्हटल्यावर आपण काय करणार?"