हॉपचा वेल आणि माझ्या दोन बाजू

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा पत्रा आहे, जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरातला. बार्टेल नावाच्या कारागिरांनी मला घासून गुळगुळीत केलं. माझ्यावर जे कोरतात, ते शाई लावून ओल्या कागदावर दाबलं की उलटं उमटतं. डावं ते उजवं होतं.

बार्टेलांची मुलगी सबिना झाडं-फुलं रंगवायची. तेव्हा तिथे तेलरंग बायकांना मना होते, म्हणून ती जलरंग वापरी. पानाच्या कडेचे दाते मोजल्याशिवाय ती कुंचला उचलत नसे. एका वसंतात एका डॉक्टरांनी वनौषधींच्या पुस्तकासाठी तिच्याकडून नमुन्याचा एक छाप मागवला: बिअरला कडवटपणा आणणारा हॉपचा वेल. छाप निर्दोष निघाला तर अख्खं पुस्तक तिचं. नाहीतर काम शेजारच्या आउग्सबुर्ग शहरातल्या चित्रकारांकडे जाणार होतं.

सबिनाने कुंडीतला वेल पाहून रंगवलं, बार्टेलांनी ते माझ्यावर कोरलं. पहिला छाप दाराशी वाळत होता, तेव्हा कुनिगुंड भाजीवाली हॉपचे कोवळे कोंब घेऊन आली.

"अगं बाई, हा कुठल्या मुलखातला वेल?" ती हसली. "आमचा हॉप काठीवर उजवीकडून डावीकडे चढतो. हा वेडा उलटाच निघालाय!"

सबिनाचा चेहरा उतरला. वेलाखालची अक्षरं मात्र अगदी सुलट होती. चाळीस वर्षं बार्टेल अक्षरं उलटी कोरत आले होते. वेलही उलटा कोरायला हवा, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बाबा, पुन्हा कोरायला हवं."

"एवढ्याशा वळणासाठी? रोगी काय काढा पिऊन उलटा चालणार आहे?"

"डॉक्टर सोमवारी येणार आहेत."

"मग तूच कोर. माझी बोटं आखडलीत."

दुसरा पत्रा घरात नव्हता. तिने मलाच पालथं केलं, हॉपची कुंडी आरशासमोर ठेवली आणि आरशातला वेल पाहत तीन दिवस कोरत राहिली. शेवटी खाली स्वतःचं नाव घातलं.

सोमवारी डॉक्टरांनी आधी कुंडीतल्या वेलावरून बोट फिरवलं, मग छापावरच्या.

"हा बरोबर चढतो," ते म्हणाले आणि एकदम खो खो हसू लागले. "पण मुली, तुझं नाव उलटं उमटलंय की!"

बार्टेलांनी कपाळावर हात मारला. "आण इकडे, नाव घासून मी नीट कोरतो."

"राहू द्या, बाबा," सबिना म्हणाली. "नाव आरशात धरून वाचता येईल. वेल लोक बागेत जाऊन ताडून बघणार."

पुस्तक तिलाच मिळालं. पुढच्या सगळ्या पत्र्यांवर तिचं नाव सुलट आहे. माझी चुकलेली बाजू तिने कधी घासू दिली नाही. शिकायला येणाऱ्या मुलींना ती आधी तीच बाजू दाखवायची आणि विचारायची, "ताडून बघायला कुंडी कुठे आहे?"

नंतर मी कितीतरी वर्षं लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून पडून होतो. आता एका खणात आहे, कडेला हिरवे डाग पडलेत. मित्रांनो, कधी मला पुसलंत तर दोन्ही बाजू पुसा. आणि त्यातली खरी कोणती, हे मला विचारू नका. बाहेर वेल आहे.