दोन रीड, एक सूर

कुडाळच्या बाजारात परशुराम मेस्त्रींचं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे. पेटीच्या एकेका सुराला पितळेच्या दोन-दोन रीड असतात, आणि त्या तंतोतंत जुळल्या नाहीत तर आवाजात लाट उठते. ती लाट मरेपर्यंत रीड कानशीने खरवडायची, हे काम मेस्त्री चाळीस वर्षं निव्वळ कानाने करत आले. मोबाइलवर सूर मोजणाऱ्या काट्याला ते आंधळ्याची काठी म्हणायचे. म्हणोत बापडे.

पण गेल्या गणपतीपासून वरच्या सप्तकात लाट तशीच राही आणि मेस्त्री खुशाल "झाला" म्हणून पेटी मिटत. समोर बसून हाताखाली काम करणारी त्यांची लेक संचिता ते मुकाट ऐकून घेई. बाबा दुपारी जेवायला घरी गेले की ती मोबाइलचा काटा लावून चुकलेल्या रीड जुळवी, आणि गिऱ्हाईक बाबांच्या कानाचं कौतुक करत पेटी घेऊन जाई. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबांना कळलं तर ते हाय खातील, या भीतीने तिचा जीव टांगणीला लागलेला होता.

आज भजनवाल्या किशोरीताईंची पेटी होती. मेस्त्रींनी वरच्या 'सा'ची रीड खरवडली आणि भाता हलवला. लाट चांगलीच उठली.

"लाट गेली मगे?" त्यांनी विचारलं. असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

"गेली, बाबा."

मेस्त्रींनी कानस खाली ठेवली. "खोटा बोलतंस गो. काल तू मोबाइल ठेवन भायर गेल्यार मी तुझो काटो लावन बघलंय, लाट तशीच होती. दोन वर्सा झाली, वरची लाट माका आयकाक येत नाय."

"मगे तुमी जुळवलात कसा?"

"तुझा तोंड बघून. लाट आसली की तुझ्या कपाळार आठी पडायची. आठी गेली की कानस थांबवायची. गणपतीपासून तुझा कपाळ कायम साफ, म्हणान मी पण आधीच थांबाक लागलंय."

गणपतीत एकदा लाट राहिलेली ऐकली, तेव्हापासून बाबांना संशय येऊ नये म्हणूनच तिने चेहरा कोरा ठेवला होता. त्यांचा उरलेला कान आपणच बंद केला, हे कळून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेस्त्रींनी पुन्हा भाता हलवला. "आता खरा तोंड कर."

तिने मान वर केली, पण रडणाऱ्या तोंडावरून त्यांना सूर काही कळेना.