आवतन दिलेला जमाव

देवीदासने पिसाच्या लेखणीचं टोक तासून ती साहेबांच्या हाती दिली, तेव्हा साहेबांनी कोऱ्या कागदावर एकच शब्द लिहिला आणि तो स्वतःच्या बागेत पिकवला असावा तसं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं.

"मॉब," साहेब म्हणाले. "हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे?"

देवीदासला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्याने नाही म्हटलं असतं. कचेरीतल्या दुभाष्याला पगार बराचसा त्याचाच मिळतो. अमरावतीच्या माळीपुऱ्यातला हा मुलगा नागपूरच्या मिशन शाळेत इंग्रजी शिकून आला आणि असिस्टंट कमिशनर साहेबांची जीभ झाला, त्याला चार वर्षं होत आली होती. साहेबांना शब्दांचा नाद होता. बाकीच्या साहेबांना रानडुकरांच्या शिकारीचा असतो. त्या मानाने हा नाद स्वस्त, शिवाय त्यात कोणी जखमी होत नाही, असं देवीदासचं त्या सकाळपर्यंतचं मत होतं.

"दोनेकशे वर्षांपूर्वी," साहेब खुर्चीत मागे रेलले, "लंडनचे लोक ऊठसूट रस्त्यावर यायला लागले. हा राजा नको, तो धर्म नको. शिकलेल्या माणसांना त्यांना नावं ठेवायची होती, आणि शिकलेला माणूस नावं ठेवतो ती लॅटिनमध्ये. मोबिले वुल्गुस. चंचल लोक. वारा येईल तिकडे हलणारे."

"होय साहेब."

"पण दंगे वाढले, आणि दर वेळी इतकं लांबलचक कोण बोलणार? म्हणून आधी दुसरा शब्द टाकला. मग पहिल्याचं शेपूट कापलं. राहिलं मॉब. मोठमोठे विद्वान संतापले होते तेव्हा."

"दंग्यांवर?"

"छे! शेपूट कापण्यावर."

साहेब हसले. देवीदासही हसला, त्यांच्यापेक्षा जरा कमी, शोभेल इतका. त्याच्या मनात आलं, दोनातून टाकून दिला तो शब्द 'लोक' हाच. चंचलपणा तेवढा जपून ठेवला. पण हे तो बोलला नाही. बाहेर निंबाखाली सूर्यभान बसला होता, पायात बेडी घालून, आणि ओसरीवर त्याची आई गोदाबाई.

गावात त्या साली पैसा मावत नव्हता. अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला होता. ज्याला त्याला कापूस पेरायचा होता. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आली, आणि ज्वारी दिसेनाशी झाली. जी होती ती सावकार खुशालरावांच्या पेवांत, जमिनीच्या पोटात. खुशालराव भाव अजून चढायची वाट पाहत होते. गेल्या शुक्रवारी माळीपुऱ्यातली माणसं परकोटाबाहेरच्या त्यांच्या पेवांवर गेली, एक पेव उघडलं गेलं, आणि भगवंत नावाचा खुशालरावांचा राखणदार त्यात मेला. एवढं सगळ्यांना माहीत होतं. यापुढचं पोलिसांना जास्त माहीत होतं. बायकांच्या टोपल्यांतली वांगी ही फेकून मारण्यासाठी आणली होती, असं जमादाराने साहेबांना सांगितलं होतं.

"बोलवा त्या बाईला," साहेब म्हणाले.

गोदाबाई आत आली आणि खुर्च्यांमधून वाट काढत सरळ मेजासमोर खाली बसली, बाजारात आपल्या जागेवर बसावी तशी. देवीदासला पाहून तिचा चेहरा सैल झाला.

"तू हायेस ते बरं झालं, बापू. मले वाटलं, कोनी परका असन."

"साहेब विचारतील तेवढंच सांग, गोदामाय."

"त्यानं नाही इचारलं तरी सांगीन. येवढ्या दुरून आला बिचारा, त्याले कसं ठाव असन?"

साहेबांना हिंदुस्तानी येत होती, खानसाम्याला आणि घोड्याला कळेल इतकी. वऱ्हाडी मात्र त्यांना आगगाडीच्या आवाजासारखी वाटे. त्यांनी लेखणी उचलून मान हलवली.

"म्या आवतन देल्लं," गोदाबाई म्हणाली. "घरोघर गेलो, चौकटीले कुंकू लावलं अन् सांगतलं, शुक्रवारी भाजी घेऊन खुशालरावाच्या पेवावर जाचं हाये. आवतनाबिगर कोन कोनाच्या दारात जाते? पार्वताबाईले देल्लं, माणिकबाईले देल्लं, शकुनले, रुख्मिणीले. तुया घरी जमुनाले देल्लं. तू कचेरीत होतास."

देवीदासने चौकटीवरचं कुंकू पाहिलं होतं. कोणाचं तरी लग्न असेल, असं समजून तो जेवायला बसला होता.

"खुशालरावाच्या फाटकालेबी लावलं बरं. ज्याच्या घरी पावनं जाचं, त्याले नको का सांगाले? अन् रिकाम्या हातानं नाही गेलो. भाजी द्याची अन् जवारी घ्याची, हे आजचं नाही, मायी सासूबी तेच करे. आता जो तो म्हन्ते, पैसे घे. पैसे दळता येतात का जात्यात? खुशालरावाच्या दिवानजीनं सांगतलं, मालक नाही. म्हनलं, बरं, बसतो. दुपार झाली. मंग आमीच पेवाचं तोंड उघडलं. हो, आमीच. लिव म्हना त्याले. पन आत कोनी उतरलं नाही. बंद पेवातली हवा मानूस खाते, हे लेकराले ठाव हाये. त्याले वारा खाऊ द्या लागते. मंग आमी बसलो रांगेनं, टोपल्या मांडीवर घेऊन. दंगा करनारे असे रांगेनं बसतात का रे, बापू?"

साहेबांची लेखणी थांबलेली होती.

"मंग खुशालराव आला घोड्यावर. भगवंताले म्हने, उतर आत अन् बस जवारीवर. मानूस बसलेलं पेव कोन उपसते ते पाहू. म्या वरडलो, भगवंता, उतरू नको रे! तो म्हने, माय, मालक सांगून राहिला. अन् उतरला." तिने पदर तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. "आवाजबी नाही आला त्याचा. मंग माह्या सूर्यभाननं तोंडाले ओलं फडकं बांधलं, कमरेले दोर बांधला अन् गेला आत. भगवंताले वर आनलं त्यानं. मेल्लाच होता. तेवढ्यात शिपाई आले. मुडदा ज्याच्या हाती, त्याले धरलं. बाकीच्या बाया पळाल्या. मी नाही पळालो. आवतन माह्यं होतं."

एवढं बोलून तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. आता बापूचं काम होतं.

देवीदासने घसा साफ केला. बाईचं बोलणं साधं होतं, सरळ इंग्रजीत जाण्यासारखं. पण त्यात जमुना होती. दुभाष्याची बायको दंग्यात होती, हे त्याच दुभाष्याच्या तोंडून साहेबांच्या कागदावर जाणार होतं. पुढारी म्हणून गोदामाय अडकणार होती. आणि खुशालराव होते, ज्यांचा कापूस मुंबईला जात होता आणि ज्यांच्या ओसरीवर साहेबांनी मागल्याच महिन्यात सरबत घेतलं होतं. मग त्याला साहेबांचाच शब्द आठवला. ज्यात लोक नाहीत असा शब्द. त्यात नावं नाहीत, पुढारी नाही. आणि ज्याने काही केलं असा कोणी नसेल, तर शिक्षा तरी कोणाला देणार? त्याला हे इतकं सोपं वाटलं, की आपण हे भल्यासाठी करतो आहोत, असंही वाटून गेलं.

"ती म्हणते, मोठा जमाव होता," तो इंग्रजीत म्हणाला. "कोण कुठून आलं, तिला ठाऊक नाही. पेव उघडलं गेलं. रेटारेटीत माणूस आत पडला."

साहेबांनी वर पाहिलं. "एवढंच? ती तर केव्हाची बोलत होती."

"आमची भाषा लांब आहे, साहेब. तिचं शेपूट अजून कोणी कापलेलं नाही."

साहेब इतके खूश झाले, की त्यांनी लेखणी खाली ठेवली. "वा! आणि पुढारी कोण?"

"कोणीच नाही. मॉब, साहेब."

"मॉब," साहेबांनी लिहिलं. मग आणखी लिहिलं, वळणदार अक्षरात, न थांबता. "म्हणजे प्रश्नच मिटला. दहा माणसं नावानिशी असती, तर कोणी काय केलं हे शोधत बसावं लागलं असतं. मॉबमध्ये ती कटकट नसते. सगळ्यांचे हात म्हणजे एकच हात. त्यातला जो सापडला, त्याचा." त्यांनी खिडकीतून निंबाकडे पाहिलं. "तो सापडलेलाच आहे. उद्या सकाळी अकोल्याला रवाना करा. वरचे साहेब या भानगडीत साक्षीदार बोलावत नाहीत, माझा कागद वाचतात. फाशी होईल. त्यांचा दिवस चांगला असला, तर काळं पाणी."

देवीदासच्या हाताखाली मेजाची कड होती. ती त्याने धरली.

"साहेब..."

"हं?"

साहेबांचे निळे डोळे आपुलकीने त्याच्याकडे पाहत होते. आणखी एखादा शब्द मिळेल, अशा आशेने.

"शाई ओली आहे," देवीदास म्हणाला. "वाळू टाकू का?"

त्याने वाळू टाकली, कागद तिरपा करून झटकला. कायद्याप्रमाणे जबानी देणाऱ्याला ती वाचून दाखवायची असते. देवीदासने कागद डोळ्यांसमोर धरला आणि गोदाबाईला तिची जबानी वाचून दाखवली: आवतन, कुंकू, फाटक, रांग, टोपल्या, खुशालरावांचं बोलणं, ओलं फडकं, दोर. कागदावर चार ओळी होत्या. तो बराच वेळ वाचत होता. एका जागी अडखळला, तर तिनेच त्याला आठवण करून दिली.

"पार्वताबाईच्या मांगं माणिकबाई हाये ना?"

"आहे."

"अन् जमुना?"

"आहे, माय."

सही न येणाऱ्या बायकांची निशाणी बांगडी. गोदाबाईने लेखणी मुठीत धरली आणि कागदाच्या तळाशी एक गोल काढला. नीट जुळला नाही म्हणून तिने त्यावरून पुन्हा एकदा लेखणी फिरवली, भरीव होईपर्यंत.

*

तो घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती, पण दिवा लागला नव्हता. जमुना उंबऱ्याच्या आत बसली होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, आणि शेजारी फडक्यात बांधलेलं गाठोडं. देवीदासने पायावर पाणी घेतलं. पाणी घ्यायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"गोदामायनं माह्यं नाव सांगतलं ना?" तिने विचारलं.

"कोणाचंच नाही सांगितलं तिनं."

"सांगतलं. इथूनच गेली ती सकाळी. म्हने, जमुना, तुयं नाव घेनार हाये बरं. म्हनलं, घे. सूर्यभानभाऊच्या कमरेचा दोर म्या धरला होता. त्यानं भगवंताले ढकललं नाही, हे माह्यावून जास्त कोनाले ठाव असन?" ती गाठोड्याकडे पाहत बोलत होती. "म्हनून भाकर बांधून बसलो. शिपाई येईन अन् मले साक्षीले नेईन."

देवीदासने खुंटीवर पगडी ठेवली.

"मंग शिपाई कावून नाही आला?"

तो पाटावर बसला. जमुनाने गाठ सोडली, सकाळची भाकर ताटात घालून ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि हात मागे घेतला. भाकर कडक झाली होती. त्याने ती मोडली, तिचा आवाज झाला.

अंगणात पावलं वाजली. गोदाबाई होती. तिच्या हातात कुंकवाची कुयरी होती, आणि तिचा आवाज बसला होता, दिवसभर बाजारात ओरडल्यासारखा.

"सूर्यभानले पहाटे अकोल्याले नेऊन राहिले," ती दारातून म्हणाली. "पोचवाले या. परकोटाच्या फाटकापरेंत येऊ देतो म्हने जमादार." तिने चौकटीला बोट लावलं, जुन्या ठिपक्याच्या शेजारी नवा. मग आत वाकून पाहिलं. "बापू जेवून राहिला का? जेव, जेव. तूबी ये रे. लय वाचलं आज पोरानं माह्यासाठी, जमुना. एक शब्द नाही सोडला. त्या साहेबालेच पटलं नाही, हा काय करीन?"

जमुनाने नवऱ्याकडे पाहिलं. देवीदासच्या तोंडात घास होता. तो त्याने गिळला नाही, चावलाही नाही.

"मी येतो, माय," जमुना म्हणाली.

गोदाबाईची पावलं पुढच्या घराकडे गेली. जमुनाने ताटात हात घालून उरलेली भाकर उचलली, फडक्यात ठेवली, चुलीजवळच्या टोपल्यातल्या आणखी दोन तिच्यावर रचल्या आणि गाठ मारली.

"फाटकापर्यंत जायला भाकर कशाला?" देवीदासने विचारलं.

"अकोल्यापरेंत."

"तिथं साक्षीदारांना बोलावत नाहीत, जमुना. साहेब फक्त कागद वाचतात."

"त्यायनं कावून बोलवा लागते?" तिने गाठ दातांनी आवळली. "आवतन भेटलं हाये."

तिने गाठोडं उंबऱ्यापाशी ठेवलं आणि मग दिवा लावला.