बुडालेल्याचा करगोटा

संपदा व्हिडिओ गेममधल्या मोहिमा रचायची. नव्या मोहिमेत खेळाडूने समुद्रात बुडालेला कोळी शोधायचा होता. "पण शोधून त्याला मिळतं काय? फुकटची पायपीट कोण करेल?" असं साहेबांनी सुनावलं, तेव्हा तिने चिडूनच प्रेताच्या कमरेला चांदीचा करगोटा घातला. जो कोणी तो काढून घेईल, त्याची ताकद दुप्पट.

समुद्रकाठच्या राजोडी गावातल्या घरी ती हे तपासून बघत होती, तेवढ्यात तिचे वडील, आत्माराम, मागे येऊन उभे राहिले. त्यांचा धाकटा भाऊ असाच बुडाला होता. किनाऱ्याला लागला तेव्हा चेहरा उरला नव्हता, करगोट्यावरून ओळखला. संपदाला हे ठाऊक होतं. खेळातला करगोटा तिला सुचला तो तिथूनच.

पडद्यावरच्या वीराने वाकून करगोटा ओढून काढला. शिंग वाजलं, सोनेरी अक्षरं झळकली आणि प्रेत वाळूवरून विरून गेलं.

"कुठं गेला तो?" आत्मारामांनी विचारलं.

"बक्षीस घेतलं की नाहीसा होतो, बाबा. मोहीम संपली."

आत्माराम त्या रिकाम्या वाळूकडे बघतच राहिले.

"मंग त्याला घरी कोन आनतं?"