हिरवं बटण

टूं... टूं... दुपारचं घर नुकतं कुठे गप्प झालं होतं, तेवढ्यात फ्रिजने गळा काढला. दार उघडं राहिलं होतं. सोफ्यावर आडवा झालेला नवरा डोळे न उघडता म्हणाला, "असंच वाजतं ते," आणि कूस बदलून मोकळा झाला.

तिने दार लोटलं आणि टेबलाशी परतली. तिथे तिची नणंद लॅपटॉपसमोर सफरचंद खात बसली होती. नणंद शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये कामाला. टाक्या, पंप, व्हॉल्व्ह, सगळा पसारा तिच्या पुढ्यातल्या स्क्रीनवर. आणि तो नवा स्क्रीन बनवणारी ही. सोमवारी तो तिथे बसणार. म्हणजे चूक हिची आणि बोलणी नणंदेला. घरचीच ब्याद!

"ताई, समजा, हे आत्ता घडतंय."

लाल पट्टी झळकली: तिसऱ्या टाकीतलं पाणी झपाट्याने घटतंय. खाली टपोरं हिरवं बटण: 'व्हॉल्व्ह बंद करा'. नणंदेने चावा घेता घेता ते दाबलंसुद्धा.

"झालं! त्या टाकीवरचं अख्खं हॉस्पिटल कोरडं केलंत. टाकी भरलेलीच होती, पाणी मोजणारं यंत्र बिघडलं होतं."

"अगं वहिनी, मशीनच म्हणालं ना! एवढं गोजिरवाणं बटण दिल्यावर बोट जाणारच. आमच्याकडे दिवसभर भोंगे वाजतात. आधी 'बरं' दाबून भोंगा गप्प करायचा, मग बघायचं."

"आणि मग बघता?"

"वेळ मिळाला तर," नणंद हसली खरी, पण घास तोंडातच राहिला.

तिच्या ऑफिसातल्या साहेबांचा त्या बटणावर भारी जीव. तरी तिने ते उचललं आणि करडं करून कोपऱ्यात बसवलं. त्याच्या जागी दोन आकडे शेजारी शेजारी: टाकी काय म्हणते, आणि तिच्या पुढचा पाइप काय म्हणतो. मशीनचा सल्ला झाकलेला. आधी आपलं मत नोंदवायचं, मगच तो उघडणार.

"आता पाचवी टाकी. बघा."

"म्हणजे डोकं मीच चालवायचं? पगार वाढवून दे मग!" नणंद कुरकुरली. आणि थबकली. "थांब गं. टाकी म्हणते मी रिकामी होतेय, आणि पुढच्या पाइपात दाब ठणठणीत? कोणीतरी थापा मारतंय."

तिला टाळी वाजवावीशी वाटली. साहेबांना तिथल्या तिथे कळवून टाकलं: हिरवं बटण काढलंय. उत्तरही लगेच आलं: 'मग माणूस चुकला तर?'

"कोण थापा मारतंय?" टेबलाखालून लेकीचं डोकं वर आलं, हातात ठोकळा.

"मशीन गं, चिमणे. कधी मशीन चुकतं, कधी आत्या चुकते. म्हणून दोघांनी मिळून बघायचं."

लेकीने आत्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं, मग आईकडे.

"आणि दोघंही चुकली तर, आई, रागवायचं कोणावर?"