सुखुमीचा मुरांबा

आम्हाला तिबिलिसीत खोली मिळाली ती एका उत्तराच्या जोरावर. रशियात सैन्यभरतीचा धडाका सुरू झाला तसे मी आणि माझा नवरा ग्लेब दोन बॅगा उचलून इकडे जॉर्जियात पळालो. इथले घरमालक रशियन माणसाला दारातच अडवून विचारायचे, "क्रिमिया कुणाचा?" नानुली मावशीनेही विचारलं. ग्लेब एका दमात म्हणाला, "युक्रेनचा." मावशीने किल्ली दिली.

शेजारचे ओतारीकाका तिच्यावर चिडले होते. यांना ओसरी दिलीस, आता हातपाय पसरतील बघ, असं ते आमच्यादेखत म्हणायचे, तेही मुद्दाम रशियनमध्ये. मावशी हसण्यावारी न्यायची. ग्लेबला मात्र स्वतःचं फार कौतुक. आम्ही त्यातले नाही, युद्ध नको म्हणून घरदार सोडून आलोय, हे तो भाजीवालीलाही ऐकवायचा. मलाही ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

नववर्षाला मावशीने आम्हाला जेवायला बोलावलं. अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी होती, चीज भरलेली गरम खाचापुरी होती. हात हलवत कसं जायचं, म्हणून ग्लेबने त्याच्या आईने पाठवलेली बरणी बरोबर घेतली. फेजोआच्या फळांचा मुरांबा, न शिजवता नुसता साखरेत वाटलेला.

"मावशी, हा आपल्या सुखुमीचा," तो म्हणाला.

मावशीने बरणी दिव्याकडे धरली. सुखुमीत तुमचं कोण असतं, असं तिने विचारलं आणि माझा नवरा खुलला. आईने तिथे घर घेतलंय, समुद्र जवळ, अंगणात फेजोआची झाडं, पुढेमागे आम्हालाच मिळायचं. मावशीचा चेहरा बघून मी टेबलाखाली त्याचा पाय दाबला. पण तो कसला थांबतोय.

"स्वस्तात मिळालं. रिकामंच पडलं होतं."

"रिकामं कसं पडलं, ते नाही विचारलंत?"

मग तिने सांगितलं. ती सुखुमीचीच, जॉर्जियातल्याच त्या समुद्रकाठच्या शहरातली. त्र्याण्णवच्या लढाईत रशियाच्या पाठबळावर फुटीरांनी तिथल्या जॉर्जियन लोकांना हुसकावलं, तेव्हा हीसुद्धा घरच्यांबरोबर डोंगर चढून आली. सासू वाटेतच बर्फात राहिली. आता तिथे आमचं, रशियाचं सैन्य बसलंय आणि तिला जाता येत नाही. हे सगळं तिने वाढता वाढता सांगितलं, आवाज न चढवता. इतके महिने तिच्या छपराखाली राहत होतो आणि तू मूळची कुठली, एवढंही आम्ही तिला विचारलं नव्हतं.

ग्लेब चाचरत म्हणाला की, आम्हीही सगळं सोडूनच आलोय.

"तुम्ही सोडून आलात, पोरा. आम्हाला काढलं." मग तिने विचारलं, "सुखुमी कुणाचं?"

क्रिमियाचं उत्तर सोपं होतं, कारण क्रिमियात आमचं काही नव्हतं. ग्लेबने माझ्याकडे पाहिलं. मी तरी काय बोलणार? त्या घराच्या व्हरांड्यात मी मनातल्या मनात वेताची खुर्चीसुद्धा मांडून ठेवली होती. एका शब्दाचं उत्तर, दोघांनाही ठाऊक, आणि दोघांच्याही तोंडून निघेना.

"जेवा, गार होतंय," मावशी म्हणाली.

सकाळी आमच्या दाराशी बरणी होती. धुऊन, पुसून, सोललेल्या अक्रोडांनी भरलेली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तिची रीत. त्यापेक्षा तिने बरणी रस्त्यावर फेकली असती तर परवडलं असतं.

ग्लेब बराच वेळ बरणी मांडीवर घेऊन बसला. मग त्याने आईला फोन लावला आणि त्या घराचे आधीचे मालक कोण होते, ते विचारलं.

"मालक कसले, अरे? आता आपलंच आहे ते," आई म्हणाली; शेजारी बसून मला ऐकू येत होतं. वाटलं, आता तरी हा काही बोलेल.

"बरं," म्हणून ग्लेबने फोन ठेवला.