पुतळाबाईचा फोटो

हरेशनं लहानसा कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर टेकवला आणि झूमचं बटण दाबून धरलं. नळी बारीक घरघर करत बाहेर आली. मागच्या पडद्यावर आधी गल्ली जवळ आली, मग दोरीवरचे कपडे, मग त्याच्याच घराचा ओटा आणि ओट्यावर पाय पसरून सुपातला जवळा निवडत बसलेली त्याची आई. शंभर पावलांवरची म्हातारी एकदम हाताच्या अंतरावर आली. तिला ऐकू जाईल की काय म्हणून हरेशनं श्वास रोखून धरला.

"आली का म्हातारी?" केसरीनाथनं मागून विचारलं.

"आली."

"अठरा पट झूम हाय, लेका. मूर्ती लहान पण कीर्ती महान. तुझा तो रेडा आता दे भंगारात."

केसरीनाथ त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्यांच्या राहनाळ गावच्या भातखाचरांवर गोदामं उभी राहिली तशी केसरीनाथची ही तीन मजली इमारतही उभी राहिली. सिंगापूरच्या सहलीहून त्यानं हा कॅमेरा आणला, चार दिवस गळ्यात मिरवला आणि बटणं काही कळेनात म्हणून कपाटात टाकून दिला. हरेशनं मागितल्यावर त्यानं तो पिशवीसकट काढून दिला आणि वर चहाही पाजला. मागण्याचं कारण मात्र हरेशनं सांगितलं नव्हतं. "दोन्ही कॅमेरे ताडून बघतो," एवढंच म्हणाला होता, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

रेडा म्हणजे हरेशचा स्वतःचा कॅमेरा. काळा, जाडजूड, सहा मेगापिक्सेलचा. पाच वर्षांपूर्वी घेतला तेव्हा अख्ख्या भिवंडीत तसे मोजून तीन-चार असतील. आता त्याच्या मुठीवरचं रबर निघून आलं होतं आणि सेन्सरवरच्या धुळीचा एक डाग प्रत्येक आकाशात न चुकता उमटायचा. लगीनसराईत आठवड्याला चार-चार हळदी करून हरेशचा उजवा खांदा कामातून गेला होता. सदरा चढवतानासुद्धा काशीला, त्याच्या बायकोला, बाही धरावी लागे. पन्नाशी गाठायला अजून दोन वर्षं होती आणि माणूस सत्तरीचा असल्यासारखा दमला होता.

पण रेडा हे नाव काही त्याच्या वजनावरून पडलेलं नव्हतं. गावात एखादं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की घरचे हरेशला निरोप धाडत, "एक फोटो काढून ठेव." पुढं भिंतीवर लावायला लागतो. हे काही म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर सांगता येत नाही. मग सांगायचं, रेशनकार्डाला लागतो, मतदानाच्या ओळखपत्राला लागतो, सरकार नवीन पेन्शन देतंय. म्हातारी माणसं बिचारी उठून बसत, टोपी घालत, कुंकू लावत. दोन-चार महिन्यांत त्याच फोटोला चंदनाच्या सालीचा हार चढे. असं पाच वर्षांत इतक्या वेळा झालं की हरेश काळी बॅग खांद्याला लावून गल्लीत शिरला की लोक म्हणत, यमाचा रेडा निघाला, आज कोणाच्या दारात उभा राहतोय बघा. हरेशही हसायचा. हसण्यावारी न्यायचं नाही तर करायचं काय?

आणि या कामात त्याच्या जोडीला असायची ती त्याची आई, पुतळाबाई. म्हाताऱ्या बायका परक्या पुरुषासमोर सरळ बसत नसत. पुतळाबाई कंगवा घेऊन जायची, त्यांचे केस विंचरायची, पदर नीट करायची, हनुवटीला बोट लावून म्हणायची, "इकडं बघ गो जरा, रेशनकार्ड हाय, हसू नको." तिच्याइतकं सफाईदार खोटं हरेशलाही बोलता येत नसे.

तर आता घोडं अडलं होतं ते इथं. सगळ्या गावाचे फोटो काढणाऱ्याच्या घरात आईचा म्हणावा असा एक फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार. लग्नातल्या गर्दीत कुठं तिचा अर्धा खांदा, कुठं पाठ. रेडा तिच्याकडं वळला की ती मोरीत तरी शिरायची नाहीतर शेजारी तरी जायची. आणि गेल्या महिन्यात ठाण्याच्या डॉक्टरनं हरेशला एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं की पोटातली गाठ पसरली आहे, कापाकापीत अर्थ नाही, म्हातारी दिवाळीपर्यंत टिकली तर खूप झालं.

परत येताना कशेळीला कंटेनरांच्या रांगेत रिक्षा दीड तास अडकून पडली होती. "काय बोलला डॉक्टर?" आईनं विचारलं. "आतड्याला सूज हाय. गोळ्या दिल्यात," हरेश रस्त्याकडं बघत म्हणाला. तिनं मान हलवली आणि डोळे मिटले.

बापाच्या वेळी जे झालं ते त्याला पुन्हा व्हायला नको होतं. बाप, तुळशीराम, गेला तेव्हा घरात कॅमेरा नव्हता आणि बापाचा एकही फोटो नव्हता. बाजारातल्या एका पेंटरला मिशी कशी, कपाळ कसं ते सांगून तसबीर करून घेतली. पुतळाबाईनं ती पाहिली आणि म्हणाली, "हा कोण मानूस? पोस्टमन हाय का?" तिनं त्या तसबिरीला कधी हार घातला नाही. सून-नातवंडांनी घातला तर घातला. आईलाही असं अंदाजपंचे रंगवून घ्यायची वेळ आली तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या आया टिपल्या त्याचा उपयोग काय, असं हरेशला वाटे आणि जेवण जात नसे.

म्हणून ही गच्ची. त्यानं एकामागून एक वीसेक फोटो घेतले. केसरीनाथचा चहा गार झाला.

कामतघरच्या त्याच्या स्टुडिओला लागूनच लूमचा कारखाना होता. दिवसभर भिंत थरथरत असे. त्या खडखडाटात बसून त्यानं फोटो कॉम्प्युटरवर उघडले. शेजारी मुद्दाम रेड्यानं काढलेला जुना एक फोटो लावला, गल्लीतल्या आक्काचा, चार वर्षांपूर्वीचा. दारातल्या उजेडात आक्काची सुरकुती न् सुरकुती मोजता येत होती, मागची भिंत अलगद विरघळली होती, डोळ्यांत पाणी होतं ते चकाकत होतं. आणि इकडं आई. सावलीतल्या चेहऱ्यावर वाळू पसरल्यासारखे ठिपके. चेहराही तेवढाच स्पष्ट, मागचा विजेचा मीटरही तेवढाच स्पष्ट. अठरा पट जवळ आणलेलं माणूस जवळ आल्यासारखं वाटतच नव्हतं. रेड्याचं दूध रेड्याचंच, असं तो स्वतःशी पुटपुटला आणि रेडा दूध देत नाही हे आठवून त्याला त्या थकव्यातही हसू आलं.

मग सहावा फोटो आला. आईनं जवळा निवडायचं थांबवलं होतं. सातव्यात तिची मूठ बरगडीखाली होती. आठव्यात ती पुढं वाकली होती, कपाळ जवळजवळ सुपाला टेकलं होतं. नवव्यात मान वळवून तिनं दाराकडं पाहिलं होतं, काशी बघत नाही ना याची खात्री करायला. दहाव्यात ती पुन्हा ताठ बसून जवळा निवडत होती.

घरात विचारलं की म्हणायची, "बरं वाटतंय. गोळ्या चांगल्या हायत."

हरेशनं खुर्ची मागं सरकवली. गच्चीवर असताना त्याला यातलं काही दिसलं नव्हतं. तो पडद्यावर चौकट सांभाळत होता, उजेड बघत होता. आईनं चार भिंतींपासून लपवलेलं दुखणं आपण शेजाऱ्याच्या गच्चीवरून चोरलं याची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं कॉम्प्युटर तसाच बंद केला. हे फोटो भिंतीवर लावण्यासारखे नव्हते आणि पुसून टाकायला हात उचलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कॅमेरा परत द्यायला निघाला. काशी दळण घेऊन गिरणीत गेली होती. पुतळाबाई ओट्यावर होती, पुढ्यात तेच सूप.

"रेडा कुठं हाय तुझा?" तिनं मान वर न करता विचारलं.

"दुकानात."

"मंग हा गळ्यात कोणाचा?"

"केसरीनाथचा. द्यायला चाललोय."

"काल त्याच्या गच्चीवर काय करत व्हतास?"

हरेशनं कॅमेऱ्याचा पट्टा उगाच सारखा केला.

"सुपातला जवळा मला दिसत न्हाय नीट," पुतळाबाई म्हणाली, "पण लांबचं बरोबर दिसतं. काढलास का फोटो?"

"काढले. बरे न्हाय आले."

"चोरीचा माल तसाच असतो." तिनं सूप बाजूला सारलं. गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं डोळे बारीक करून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर थोडी थट्टा आली. "हा तर शेळीचं पिल्लू दिसतोय. बस समोर. काढ."

ती आपणहून म्हणेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो घाईघाईनं खालच्या पायरीवर बसला, तिच्यापासून दोन हातांवर. सवयीनं कॅमेरा डोळ्याला लावायला गेला, तर डोळा लावायच्या खिडकीत नुसता धुरकट चौकोन दिसला. मग केसरीनाथनं दाखवलं होतं तसं त्यानं कॅमेरा छातीपाशी धरला आणि मागच्या पडद्यावर आई कुठं आहे ते पाहिलं. झूमची गरजच नव्हती. नळी पूर्ण आत होती.

आणि त्याला आपला चेहरा उघडा पडल्यासारखा वाटला. रेड्याला डोळा लावल्याशिवाय त्यात काही दिसत नसे. एक डोळा मिटलेला, दुसरा खिडकीला चिकटलेला, निम्मं तोंड कॅमेऱ्याखाली आणि निम्मं हाताखाली. तिथूनच तो म्हणायचा, रेशनकार्ड हाय बाबा, सरळ बसा. त्या म्हाताऱ्या माणसांना समोर एक काळं थोबाड दिसायचं, हरेश कधी दिसलाच नव्हता. हे त्याच्या आज ध्यानात आलं. आज मध्ये काहीच नव्हतं.

"आये, इकडं बघ. काचंत."

"बघते," ती म्हणाली आणि त्याच्याच तोंडाकडं बघत राहिली.

त्यानं नजर पडद्यावर नेली. पडद्यातही ती त्याच्याकडंच बघत होती, काचेच्या जरा वर.

"किती दिवस बोलला रं डॉक्टर?"

"सूज हाय, गोळ्यांनी..."

"तुझ्यासंगती हिंडून किती जणींना फसवलं मी," पुतळाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला नको फसवू."

गल्लीच्या तोंडाशी एक ट्रक मागं येत होता, त्याची पिपाणी वाजत राहिली.

"दिवाळी," हरेश म्हणाला. "दिवाळीपर्यंत."

पुतळाबाईनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. त्यातला एक शिंपल्याचा तुकडा चाचपून काढला आणि गल्लीत भिरकावला. मग बराच वेळ तिचा हात सुपातच राहिला.

"काशीला ठाऊक हाय?"

"हाय."

"तरी बोलते, ही रातची घडी घडी का उठून बघते माझ्याकडं. तिला सांग, झोप म्हणावं. मला लागलं तर मी हाक मारीन. सकाळी पानी भरायला तिलाच उठायचं असतं."

"सांगतो."

"आणि पोटाच्या दुखन्यावर काय औषध असंल तर माग डॉक्टरकडं. सुजंच्या गोळ्या नको."

"उद्याच जातो."

तिनं मान हलवली. लुगड्याला हात पुसले, कपाळावर आलेले केस दोन्ही बाजूंना सारले, पदर डोक्यावरून घेऊन खांद्यावर बेतानं बसवला. दुसऱ्या बायकांचा बसवायची तसाच, पण आता तिचा तिनं. पाठ भिंतीपासून सोडवून ती सरळ बसली.

"हं. काढ आता."

हरेशनं कॅमेरा उचलला. खांद्यातून कळ गेली नाही, इतका तो हलका होता. पडद्यावर आई धूसर दिसत होती. त्यानं बटण अर्धं दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं. कॅमेरा प्रत्येक वेळी टिक् करून हिरवा दिवा दाखवत होता आणि आई तरी धूसरच होती. स्वस्तातलं भिंग, असं म्हणत त्यानं खिशातून रुमाल काढला आणि काच पुसायला घेतली.

"काच कशाला पुसतोस?" पुतळाबाई म्हणाली. "डोळे पूस."